गुटगुटीत बाळ, वाकलेले पाय: वजनाचा लहान मुलांच्या हाडांवर किती परिणाम होतो?

रानजाई | १४ जून, रात्री १०:५०

बरेच दिवस लिहू की नको करत होते. आज राहवलं नाही.

माझा मुलगा सव्वीस महिन्यांचा आहे. वजन साडेसोळा किलो, उंची ९० सेंटिमीटर. साडेनऊ महिन्यांचा होता तेव्हा कशालाही न धरता चालायला लागला. घरात केवढं कौतुक झालं! "बाळसं कसं धरलंय बघा", "कुणाची दृष्ट न लागो" हे तर रोजचंच. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू.

गेले दोनतीन महिने आंघोळ घालताना लक्षात येतंय की त्याचे पाय धनुष्यासारखे वाकलेत. घोटे जुळवून उभं केलं की दोन गुडघ्यांमधून माझी तीन बोटं आरामात आत जातात. डावा पाय जरा जास्तच. चालताना डावा गुडघा प्रत्येक पावलाला किंचित बाहेर हिसका देतो. आधी मला भास वाटला. मग नवऱ्याने मागून व्हिडिओ काढला आणि हळू गतीने पाहिला. भास नव्हता.

लसीकरणाला जातो तिथे विचारलं तर "होतील सरळ, सगळ्यांचे होतात" एवढंच उत्तर मिळालं. सासूबाई म्हणतात मालिश कमी पडली. मी त्याला हाडं मजबूत व्हावीत म्हणून दिवसाला एक ते सव्वा लिटर फुल क्रीम दूध देते, म्हणजे कॅल्शियम तर कमी नसणार. आम्ही पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो, तो दिवसभर घरातच असतो. पाळणाघर नाही.

वजनाचा हाडांशी काही संबंध असतो का? कुणाच्या मुलाला असं झालंय का? कृपया लिहा.

---

सुमनकाकू | १४ जून, रात्री ११:२०

अगं रानजाई, घाबरू नकोस. माझी दोन्ही मुलं फेंगडी चालायची. धाकट्याचे तर वर्षभराचा असताना असे पाय होते की मधून मांजर जाईल. अडीच वर्षांचा होईतो सरळ झाले, आज तो सहा फूट आहे. आमच्या वेळी बाळंतिणीच्या बाई मालिश झाल्यावर पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट बांधायच्या. तसं केलं होतंस का?

---

केदार_टोरांटो | १५ जून, पहाटे ५:१०

ताई, वॉकर वापरला होता का? इथे कॅनडात बेबी वॉकरवर २००४ पासून पूर्ण बंदी आहे. विकायलाही नाही आणि जुना कुणाला द्यायलाही नाही. मुख्य कारण अपघात, मुलं वॉकरसकट जिन्यावरून पडायची. भारतातून येताना माझ्या आईने मोठ्या हौसेने आणला होता, तो परत पाठवावा लागला.

दुसरं, इथे आमच्या मुलीला जन्मल्यापासून रोज व्हिटॅमिन डीचे थेंब द्यायला सांगितले होते. भारतात ऊन भरपूर म्हणून देत नसतील का?

---

रानजाई | १५ जून, सकाळी ८:०५

काकू, धीर दिल्याबद्दल खूप आभार. बांधायचे, हो, पहिले तीन महिने.

केदार, वॉकर होता. आठव्या महिन्यात आणला. थेंब पहिले सहा महिने दिले, मग बाटली संपली आणि आणायचं राहून गेलं. भारतातही देतात, माझ्याच हातून सुटलं.

---

सह्यकडा | १५ जून, दुपारी २:३०

मी लहान मुलांचा अस्थिरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला. इथे बसून निदान करणार नाही, पण तुमच्या पोस्टमध्ये तीन गोष्टी अशा आहेत की "होतील सरळ" म्हणून थांबू नका असं कळकळीने सांगतो.

आधी सुमनकाकूंचा मुद्दा, कारण तो बहुतेक मुलांच्या बाबतीत बरोबर आहे. जन्मतः सगळ्यांचेच पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले असतात, गर्भात घडी घालून बसल्यामुळे. दीड ते दोन वर्षांपर्यंत ते सरळ होतात. मग उलटं होतं: तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघ्याला गुडघा लागायला लागतो आणि घोट्यांमध्ये अंतर पडतं. तेही साधारण सातव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसासारखं होतं. हा निसर्गाचा क्रम. त्यासाठी ना मालिश लागते, ना खास बूट.

आता तीन गोष्टी. दोन वर्षं उलटल्यावर वाक कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त वाकलाय. आणि चालताना गुडघा बाहेर हिसका देतोय. त्यात तो लवकर चालायला लागला आणि वजनाने भारी आहे. ९० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मध्यावर धरलं तर तेरा किलोच्या आसपास येतं. साडेसोळा म्हणजे तक्त्याच्या सगळ्यात वरच्या रेषेपाशी.

अशा मुलांमध्ये दोन शक्यता तपासायच्या असतात. एक मुडदूस, म्हणजे व्हिटॅमिन डी किंवा कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ राहतात तो आजार. दुसरी ब्लाउंट नावाचा आजार, ज्यात गुडघ्याखाली नडगीच्या हाडाची आतली बाजू नीट वाढत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या वॉल्टर ब्लाउंट या अस्थिशल्यविशारदांनी १९३७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून ते नाव.

वजनाचा संबंध कसा येतो ते सांगतो. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो. हाडाची लांबी तिथेच वाढते. सांध्याजवळचा नवा भाग मऊ कूर्चेचा, मग त्यात चुना भरतो आणि त्याचं हाड होतं. या चकतीवर सतत जास्त दाब आला तर त्या जागची वाढ मंदावते. पाय आधीच बाहेर वाकलेला असेल तर शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतो. आतली बाजू दाबली जाते आणि हळू वाढते, बाहेरची नेहमीच्या वेगाने वाढत राहते. पाय आणखी वाकतो, आणखी वाकला की आतल्या बाजूवर आणखी दाब. साडेतीन किलो जास्तीचे आणि दिवसाला हजारो पावलं, असा हिशेब करा. मूल जेवढं लवकर चालायला लागेल तेवढं हे चक्र लवकर सुरू होतं, कारण त्या वयात पाय अजून निसर्गतःच वाकलेले असतात.

म्हणून उभं करून दोन्ही पायांचा कंबरेपासून घोट्यापर्यंत एक्स-रे, मनगटाचा एक एक्स-रे, आणि रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि व्हिटॅमिन डी. एवढं या महिन्यात करून घ्या.

पाय बांधण्याबद्दल: कृपया कुणीच करू नका. त्याने पायाचा वाक सुधारत नाही, आणि नवजात बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा निखळू शकतो. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसलेला असेल तरच ती वाटी खोल होते. आपल्याकडे बाळाला कडेवर घ्यायची पद्धत आहे ना, दोन पाय आईच्या कमरेला दोन्ही बाजूंनी, ती खुब्यासाठी फार चांगली. ज्या समाजांत मुलांना असं पाय फाकवून वागवतात तिथे खुब्याचे हे दोष कमी दिसतात.

---

सुमनकाकू | १५ जून, दुपारी ४:१५

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं. माझ्या नातीला आता दुसरा महिना लागलाय आणि सुनेला मीच सांगितलं होतं बांधायला. आत्ताच फोन करते.

---

खोखो_सांगली | १५ जून, रात्री ९:४०

शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, तेवीस वर्षं झाली. मैदानावर जे दिसतं ते सांगतो.

पूर्वी पहिलीतली मुलं पडायची, गुडघे सोलायची आणि उठून पळायची. आता पहिली-दुसरीतली अंगाने भरलेली मुलं पडतात तेव्हा हात टेकतात आणि मनगट मोडतं. मला वाटायचं, जाड मुलाचं हाड दणकट असणार. तसं दिसत नाही. डॉक्टरसाहेब, हे खरं आहे की माझाच समज?

आणखी एक. पाच वर्षांच्या मुलांना लंगडी घालता येत नाही. सरळ एका पायावर चार उड्या मारता येत नाहीत. आई-वडील सांगतात, "सर, तो स्विमिंगला जातो."

---

सह्यकडा | १६ जून, सकाळी ७:२०

सर, तुमचा डोळा बरोबर आहे. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये हात मोडण्याचं प्रमाण जास्त आढळतं. त्यांचं हाड मोजलं तर किलोमीटरभर पळणाऱ्या सडपातळ मुलाइतकं किंवा थोडं जास्तही भरतं, पण ज्या देहाचा भार त्याला पेलायचा आहे त्या मानाने कमी पडतं. पडताना त्या हातावर सगळा देह येतो.

लंगडीबद्दल तर मी स्वतंत्र धागा काढीन इतकं बोलण्यासारखं आहे. हाड म्हणजे भिंतीतली सळई नव्हे. ते जिवंत आहे, रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं नवं बनतं. जिथे जोर पडतो तिथे जास्त बनतं. जर्मनीच्या यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे मांडलं. याचा सगळ्यात सुंदर पुरावा टेनिसपटूंच्या हातात आहे. ज्या हाताने रॅकेट धरतात त्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. फिनलंडमध्ये १९९५ मध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचे हात मोजले, तेव्हा पाळी येण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्यांमध्ये हा फरक मोठेपणी सुरू करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट निघाला. अमेरिकेत ओरेगनमध्ये शाळकरी मुलांना ६१ सेंटिमीटर उंच खोक्यावरून उड्या मारायला लावल्या, एका वेळी शंभर, आठवड्यातून तीनदा, सात महिने. बाकीची मुलं तेवढाच वेळ ताणाचे व्यायाम करत होती. उड्या मारणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडात साडेचार टक्के आणि कण्यात तीन टक्के जास्त भर पडली.

पोहणं हृदयाला, फुप्फुसांना उत्तम. पण पाण्यात देह तरंगतो, हाडाला धक्का मिळत नाही. हाडासाठी उडी हवी, धाव हवी. लंगडी, दोरीउड्या, लगोरी, खो-खो, झिम्मा, फुगडी.

इथे कुणी विचारेल की मग जास्त वजनाचा भारही जोरच ना, त्याने हाड सुधारायला हवं. मी शिकत असताना मलाही हा प्रश्न पडला होता. उडीचा जोर क्षणभराचा असतो, मोठा असतो, आणि मध्ये विसावा असतो. त्याला हाड उत्तर देतं. चरबीचा भार मूल उभं असेपर्यंत अखंड असतो आणि तो ग्रोथ प्लेटला सोडत नाही. शिवाय भारी मूल धावतं कमी, म्हणजे हवा असलेला धक्का मिळतच नाही.

---

मृण्मयी_आहार | १६ जून, दुपारी १२:१०

रानजाई, मी आहारतज्ज्ञ आहे. तुझ्या पोस्टमधलं सव्वा लिटर दूध वाचून थांबले.

बघ, फुल क्रीम दुधात १०० मिलिलिटरला साधारण ८५ ते ९० कॅलरी असतात. सव्वा लिटर म्हणजे हजाराच्या वर. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसभराची सगळी गरजच हजारच्या आसपास आहे! म्हणजे तुझा मुलगा दुधावरच दिवस भरतो, आणि त्यावर जे काही खातो ते सगळं जास्तीचं. दुधात साखर घालतेस का? बिस्किटं?

कॅल्शियमचा हिशेब बघ. आयसीएमआर-एनआयएनच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, २०२० च्या शिफारशीत १ ते ३ वर्षांना रोज ५०० मिलिग्रॅम, ४ ते ६ ला ५५०, ७ ते ९ ला ६५०. ४०० मिलिलिटर दुधातच जवळपास ४८० मिळतात. सव्वा लिटरमधून तू त्याला तिप्पट देतेयस. ते हाडात साठत नाही. हाडात कॅल्शियम जायला आधी ते आतड्यातून रक्तात शिरायला हवं, आणि त्यासाठी व्हिटॅमिन डी लागतं. दुधात ते नावापुरतं.

आणि लोह! एवढं दूध पिणाऱ्या मुलाला भूक राहत नाही, दुधात लोह जवळजवळ नाही, आणि ते अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. गुबगुबीत, गोरीपान दिसणारी मुलं आतून फिकी असतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्यांत हिमोग्लोबिन घाल.

फक्त एक विनंती. घाबरून त्याला उपाशी ठेवू नकोस, सायविरहित दूध, तूप बंद असं काही करू नकोस. या वयात वजन उतरवायचं नसतं. वजन आहे तिथे थांबवायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं.

दूध दोन पेल्यांवर आण, बाटली बंद, पेल्यातूनच. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, आपल्या कोकणातल्या माणसांना हे सांगायला नको. नाचणी भिजवून मोड आणून दळलीस तर त्यातलं कॅल्शियम अडवणारं फायटेट कमी होतं आणि कॅल्शियम जास्त लागू पडतं. नाचणीची छोटी भाकरी, वर तिळाची चटणी. तिळात तर शंभर ग्रॅमला हजाराच्या वर असतं, पण मूल खाणार चमचाभर, तेही लक्षात ठेव. राजगिऱ्याचा लाडू, डाळ, अंडं. पालकावर भिस्त ठेवू नकोस, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून बसतं. वेफर्स, फरसाण कमी, कारण मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियम जातं.

---

रानजाई | १६ जून, दुपारी १२:४५

साखर घालते. दोन चमचे प्रत्येक बाटलीत. बिस्किटं चार-पाच. जेवताना मोबाइल लावावा लागतो, नाहीतर तोंडच उघडत नाही. लिहिताना हात थरथरतोय. मी हे सगळं त्याच्या हाडांसाठीच करत होते.

---

मृण्मयी_आहार | १६ जून, दुपारी १:००

माहीत आहे गं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ आया हेच सांगतात. तोंड उघडत नाही कारण पोट भरलेलं असतं. दूध कमी केलंस की तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतः ताटाकडे येईल. ते तीन दिवस मात्र रडेल. तेवढे सोस.

---

निळावंती | १६ जून, सायंकाळी ६:३०

आमच्याकडे रोज सकाळी सात वाजता बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसतो. म्हणजे व्हिटॅमिन डीचा प्रश्न नाही ना?

---

सह्यकडा | १६ जून, रात्री १०:००

कोवळं ऊन हा आपला फार जुना आणि प्रेमाचा गैरसमज आहे. त्वचेत व्हिटॅमिन डी बनवणारे अतिनील-ब किरण सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला जमिनीपर्यंत फारसे पोचतच नाहीत, कारण तिरप्या उन्हाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो. सोपी खूण: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ते किरण पुरेसे असतात. म्हणजे साधारण अकरा ते तीन. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन तर याबाबतीत बिनकामाचं, काच ते किरण अडवते. सावळ्या त्वचेला गोरीपेक्षा जास्त वेळ लागतो.

याचा अर्थ विदर्भात मे महिन्यात बाळाला भर दुपारी उन्हात ठेवा असा नाही! तान्ह्या बाळासाठी थेंबच. पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट, नंतर ६०० युनिटची गरज, आणि आईचं दूध कितीही उत्तम असलं तरी त्यात व्हिटॅमिन डी पुरेसं नसतं. चालत्या-बोलत्या मुलांना हिवाळ्यात, पावसाळ्याच्या उघडिपीत, हातपाय उघडे ठेवून अकरा-साडेअकराला अर्धा तास खेळू द्या.

थेंबांच्या बाटलीवरचं लेबल वाचा. काहींत एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत ८००, काहींत एका थेंबातच ४००. आणि मोठ्या माणसांची ६०,००० युनिटची पाकिटं मुलांना मनाने देऊ नका. आठवड्याचं पाकीट रोज दिल्याने उलट्या आणि कोरडं पडलेलं मूल मी पाहिलंय. रक्तात कॅल्शियम इतकं वाढतं की मूत्रपिंडाला धोका होतो.

आणखी एक, या धाग्याच्या विषयाला धरून. व्हिटॅमिन डी चरबीत विरघळतं. जाड मुलाच्या अंगात ते चरबीत अडकून पडतं आणि रक्तात कमी सापडतं. म्हणजे ज्या हाडाला जास्त भार पेलायचाय त्यालाच हे कमी मिळतं.

---

पैनगंगा | १७ जून, सकाळी ६:५०

मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे. धागा वाचते आहे. आमच्याकडचं चित्र वेगळं आहे, तेही इथे नोंदलेलं असावं असं वाटतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. जास्त वजनाची निघाली ४ टक्के. मी ज्या पाड्यांवर जाते तिथे साडेसोळा किलोचं मूल म्हणजे पाच वर्षांचं. पाय तिथेही वाकलेले दिसतात. यवतमाळ, चंद्रपूर भागात काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्याच्या वर असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं आणि जेवणात कॅल्शियम नसलं की मुलांचे गुडघे एकमेकांना घासायला लागतात. दातांवर आधी पिवळे-तपकिरी पट्टे येतात. मी पाड्यावर गेले की मुलांना आधी हसायला लावते. दात बघितले की विहिरीचं पाणी कळतं.

त्या मुलांना ऊन भरपूर मिळतं, धावणं भरपूर. दूध नाही, डाळ नाही. हाडाला जे बांधायला लागतं तेच नाही.

---

खोखो_सांगली | १७ जून, सकाळी ९:१५

पैनगंगा ताई, हे लिहिलंत म्हणून आभार. आमच्या शाळेत दोन्ही प्रकारची मुलं एकाच रांगेत उभी असतात.

---

देवराई | १७ जून, दुपारी ३:२५

रानजाई, पैनगंगा यांच्याच धाग्याला जोडून: पुण्यातल्या वस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांवर तिथल्या संशोधकांनी एक अभ्यास केला होता. एका गटातली मुलं पाळणाघरात जायची, तिथे त्यांना उन्हात खेळवत. दुसऱ्या गटातली त्याच वस्तीत, पण घरात कोंडलेली, कारण आई-वडील कामावर. मुडदुसाची चिन्हं घरातल्या मुलांत दिसली. तुझा अकरावा मजला आणि ती दहा बाय दहाची खोली, मुलाच्या हाडाला दोन्ही सारखेच.

---

शेवंती | १७ जून, रात्री ११:३०

विषय लहान मुलांचा आहे, पण माझा मोठा मुलगा बारा वर्षांचा असतानाची गोष्ट सांगते. ती वाचून एखाद्याचं मूल वाचलं तरी पुरे.

लहानपणापासून गुटगुटीत. वर्गात सगळ्यांत उंच, त्यामुळे "वाढीला लागलाय" म्हणून आम्ही निश्चिंत. बाराव्या वर्षी गुडघा दुखतो म्हणायला लागला. लंगडायचा, पाऊल बाहेर वळायचं. एका दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ. मलम दिलं. सहा आठवडे गेले. एक दिवस शाळेच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही.

दुखणं गुडघ्याचं नव्हतं, खुब्याचं होतं. मांडीच्या हाडाचा गोळा ग्रोथ प्लेटपाशी घसरला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून स्क्रू घातला. आज तो ठीक आहे, पण एक पाय थोडा आखूड राहिला. डॉक्टर म्हणाले, दुखायला लागलं त्या आठवड्यात खुब्याचा एक्स-रे काढला असता तर इतका घसरला नसता. भारी अंगाचं मूल, दहा ते सोळा वय, गुडघा किंवा मांडी दुखते आणि लंगडतंय, तर खुबा बघायला सांगा. हात जोडून सांगते.

---

सह्यकडा | १८ जून, सकाळी ७:००

शेवंतीताईंचा प्रत्येक शब्द खरा आहे. अशा मुलाला त्या क्षणापासून पायावर भार टाकू द्यायचा नाही, चाकाच्या खुर्चीतून न्यायचं.

उंचीबद्दल एक भर. जास्त वजनाची मुलं लहानपणी वयाच्या मानाने उंच असतात, कारण त्यांची हाडं वयाच्या पुढे धावतात. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढलं तर ते वर्ष-दीड वर्ष पुढे निघू शकतं. पण वयात लवकर येतात, ग्रोथ प्लेट लवकर मिटतात, आणि शेवटची उंची बरोबरीच्यांपेक्षा जास्त भरत नाही. म्हणून नुसती उंची किंवा नुसतं वजन बघू नका, दोन्ही तक्त्यावर मांडा. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते, पुढे १८ पर्यंत भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे, जे पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांच्या मोजमापांवरून तयार केले.

---

रानजाई | २९ जून, रात्री ९:२०

सगळ्यांना सांगायला आले.

एक्स-रे झाले. मनगटात मुडदूस नाही. डाव्या पायाच्या नडगीच्या हाडाचा जो कोन मोजतात तो १३ अंश, उजव्याचा ९. इथल्या तज्ज्ञांनी समजावलं की १० च्या खाली असला तर बहुधा आपोआप सरळ होतो, १६ च्या वर असला तर ब्लाउंट धरतात, मधला असेल तर डोळ्यात तेल घालून थांबायचं. व्हिटॅमिन डी ११, कमी. हिमोग्लोबिन ९.२, तेही कमी, मृण्मयी, तू म्हणालीस तसंच. औषधं सुरू झाली. पाय सरळ व्हावा म्हणून लावतात तो पट्टा आत्ता नको, पाच-सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. कोन वाढला तर तीन वर्षांच्या आत पट्टा लावायचा, उशीर करायचा नाही.

बाटली बंद. मृण्मयीने सांगितलेले तीन दिवस साडेचार दिवस चालले. पाचव्या दिवशी माझ्या ताटातली भाकरी ओढून घेतली.

---

सुमनकाकू | २९ जून, रात्री ९:४०

शाब्बास. माझ्या नातीचे पाय आता मोकळे असतात. बाई रागावल्या, पण मी ऐकलं नाही.

---

रानजाई | २१ डिसेंबर, सायंकाळी ७:४५

धागा वर काढते आहे.

आज सहा महिन्यांचा एक्स-रे होता. वजन १६.९, म्हणजे सहा महिन्यांत फक्त चारशे ग्रॅम. उंची साडेचार सेंटिमीटर वाढली. व्हिटॅमिन डी ३१, हिमोग्लोबिन ११.४. डाव्या पायाचा कोन १३ वरून ८. उजवा ५. हिसका गेलाय. पट्ट्याची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच रडले.

कशाने झालं हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरही म्हणाले, मधल्या कोनाची काही मुलं काहीच न करता सरळ होतात. पण आम्ही हे केलं: सासरे रोज साडेअकराला त्याला खाली घेऊन जातात. सोसायटीच्या मागे बिल्डरने टाकलेला वाळूचा ढीग आहे, त्यावर चढायचं आणि उडी मारायची, एवढाच खेळ. पहिल्या महिन्यात दोन उड्यांत दमायचा. आता सासरे दमतात. घरी येतो तेव्हा चड्डीच्या खिशातून, कानामागून, बोटांच्या पेरांतून वाळू निघते. आधी मला त्या वाळूचा वैताग यायचा.

जेवताना मोबाइल अजून पूर्ण सुटलेला नाही. रात्रीच्या जेवणाला लागतो.

---

सह्यकडा | २१ डिसेंबर, रात्री १०:३०

फार आनंद झाला. सहा महिन्यांनी एकदा परत दाखवा, आणि चौथ्या वर्षी गुडघे आत वळलेले दिसले तर दचकू नका, तो क्रमातलाच टप्पा आहे. फक्त मोजत राहा. गुडघे जुळवल्यावर घोट्यांमध्ये आठ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल किंवा एकच पाय वळलेला असेल तर या.

---

खोखो_सांगली | २२ डिसेंबर, सकाळी ८:००

वाळूवरून जमिनीवर आणा हळूहळू. चार वर्षांचा झाला की लंगडी शिकवा. आधी हात धरून, मग नुसतं बोट धरून.

---

रानजाई | २२ डिसेंबर, सकाळी ८:३५

सर, शिकवीन. आज आंघोळीच्या वेळी घोटे जुळवून पुन्हा बघितलं. एक बोट जातं आता, दुसरं घालायला गेलं की गुडघा लागतो. पुढची तपासणी जूनमध्ये आहे, तेव्हा येऊन लिहिते.